रिलेचा डायोड : कॉइलवरचा वेगळा, वाटेतला वेगळा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. गाडीच्या पुढच्या बंपरवर ५५ वॉटचे दोन जादा हॅलोजन दिवे बसवले आहेत. अप्पर लावताच ते आपोआप लागावेत आणि डॅशबोर्डवरच्या वेगळ्या स्विचनेही लावता यावेत, म्हणून आपण चार पायांचा एक रिले, म्हणजे कॉइलला छोटा प्रवाह दिला की मोठ्या प्रवाहाची वाट जोडणारा स्विच, घेतला. रिलेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावाच लागतो असे कोणीतरी सांगितले, म्हणून ८५ आणि ८६ या पायांमध्ये डायोड जोडला, आणि तेव्हापासून अप्पर दिला की मूळ हेडलाइटचा फ्यूज जातो. डायोड काढल्यावर सगळे चालते, पण वेगळा स्विच दाबला की जादा दिव्यांबरोबर मूळ अप्परही लागतो आणि स्विच हाताला गरम लागतो. डायोड हवा की नको, हवा असल्यास कोणता आणि कोठे, असे आपण विचारले आहे.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. फ्यूज जातो तो डायोड उलटा बसल्यामुळे. मूळ अप्पर लागतो तो जिथे डायोड असायला हवा तिथे तो नसल्यामुळे. रिलेच्या जोडणीत डायोड दोन अगदी निराळ्या कामांसाठी वापरतात. एक कॉइलला समांतर, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर आडवा. दुसरा वायरच्या वाटेत, म्हणजे एकसरीत. पहिला कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज रिचवतो, दुसरा वीज उलट्या दिशेने परत जाऊ देत नाही. ऐकीव सल्ल्यात हे दोन्ही ‘रिलेला डायोड लाव’ या एकाच वाक्यात येतात, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

प्रथम पायांचे आकडे नीट पाहू. ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आलेले आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा कायमचा पुरवठा, ८७ म्हणजे रिले ओढल्यावर, म्हणजे चालू झाल्यावर, ३० शी जोडला जाणारा पाय, आणि पाच पायांच्या रिलेत असलेला ८७ए म्हणजे रिले बंद असताना ३० शी जोडलेला पाय. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके. प्रघाताप्रमाणे ८६ ला धन आणि ८५ ला ऋण जोडतात. साध्या कॉइलला दिशा नसते, त्यामुळे ती उलटी जोडली तरी रिले ओढतो. मात्र आत डायोड बसवलेल्या रिलेत ही दिशा पाळावीच लागते. अशा रिलेच्या कवचावर कॉइलच्या चौकोनाशेजारी डायोडची छोटी खूण छापलेली असते. तिच्याकडे पाहिल्याशिवाय बेसमध्ये रिले खुपसू नये. आणखी एक खोच अशी की सारख्याच दिसणाऱ्या रिलेंमध्ये पायांच्या मांडणीचे दोन प्रकार मिळतात आणि त्यांत ३० व ८६ यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. जुना रिले काढून नवा बसवताना जागा न पाहता आकडे वाचावेत.

आता डायोडची गरज कशामुळे पडते ते पाहू. १२ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७५ ते १०० ओहम असतो, म्हणजे तिच्यातून सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्या प्रवाहाने कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र साठवलेले असते. स्विच उघडला की प्रवाह क्षणात थांबायला हवा, आणि कॉइलचा स्वभाव नेमका त्याविरुद्ध आहे : वाहणारा प्रवाह ती वाहताच ठेवू पाहते. वाट मिळाली नाही तर ती स्वतःच्या टोकांवर व्होल्टेज चढवत नेते आणि तो काही शे व्होल्टपर्यंत पोहोचून स्विचच्या उघडणाऱ्या फटीतून ठिणगीच्या रूपाने उडी मारतो. अनेक वर्षे असा मारा सोसलेला एखादा छोटा स्विच उघडून भिंगाखाली पाहावा : एका संपर्कबिंदूवर सुईच्या टोकाएवढा खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसतो, कारण धातू इकडून तिकडे वाहून गेलेला असतो. यांत्रिक स्विच हे बराच काळ सहन करतो. त्या जागी इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधला ट्रान्झिस्टर असेल आणि त्याला आतून संरक्षण दिलेले नसेल, तर तो पहिल्या काही झटक्यांतच मरू शकतो.

म्हणून कॉइलच्या दोन टोकांवर डायोड आडवा टाकतात, तोही असा की रिले चालू असताना त्यातून काहीच वाहू नये. डायोडच्या अंगावर एका बाजूला पांढरा किंवा रुपेरी पट्टा असतो, तो कॅथोड. हा पट्टा कॉइलच्या धन टोकाकडे, आपल्या जोडणीत ८६ कडे, असला पाहिजे. रिले चालू असताना डायोड उलटा रोखलेला असतो आणि जणू तिथे नसतोच. पुरवठा तुटताक्षणी कॉइलच्या टोकांची ध्रुवता उलटते, डायोड वाहू लागतो आणि कॉइलचा प्रवाह त्यातून गोल फिरून कॉइलच्याच तारेत उष्णता होऊन विरतो. उसळी काही शे व्होल्टऐवजी जेमतेम ०.७ व्होल्टवर थांबते.

पट्टा ८५ कडे बसला तर काय होते, ते आपण पाहिलेच आहे. अप्परची वायर डायोडमधून सरळ अर्थला (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला) मिळते, म्हणजे शॉर्ट सर्किट, आणि फ्यूज जातो. फ्यूज गेला हे सुदैवच म्हणायचे. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी एका रिलेच्या बेसखाली डायोड सोल्डर करून त्यावर काळी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली होती. नंतर बेस फिरवून बसवताना पट्टा कोणत्या बाजूला आहे हे स्लीव्हमुळे दिसेना आणि मी अंदाजाने जोडला. त्या रिलेची ऋण बाजू कंट्रोल युनिटमधला ट्रान्झिस्टर अर्थला जोडत असे. फ्यूज शाबूत राहिला आणि ट्रान्झिस्टर गेला. तेव्हापासून स्लीव्ह पारदर्शक वापरतो, आणि ती नसेल तर स्लीव्हवर पट्ट्याच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो.

आपल्याकडचा डायोड आता टाकून द्यावा. शॉर्टमध्ये सापडलेला डायोड बहुधा आतून जोडला जातो किंवा पूर्ण उघडा पडतो. उघडा पडलेला अधिक फसवा, कारण तो लावल्यावर सगळे सुरळीत चालते आणि संरक्षण मात्र शून्य असते. नवा डायोड मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासावा : एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही. ही तपासणी कॉइलवर जोडण्यापूर्वीच करावी, कारण जोडल्यावर मीटरला डायोडऐवजी कॉइलचे ८० - ९० ओहम दिसतात आणि त्यावरून डायोडबद्दल काहीच कळत नाही.

कोणता डायोड, याचे उत्तर सोपे आहे : १एन४००७, किंवा १एन४००४. दोन्ही १ अँपिअरचे, अनुक्रमे १००० आणि ४०० व्होल्टचे. बंद होण्याच्या क्षणी डायोडमधून जाणारा प्रवाह कॉइलच्या चालू प्रवाहाहून अधिक नसतो, त्यामुळे १५० मिलिअँपिअरसाठी १ अँपिअर पुष्कळ झाला. व्होल्टेजचा विचार मात्र उसळीपेक्षा गाडीकडे पाहून करावा लागतो. आल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीची जोडणी सुटली, तर १२ व्होल्टच्या गाडीच्या पुरवठ्यावर क्षणभर ८० ते १०० व्होल्ट येऊ शकतात; गाडीतल्या उपकरणांच्या चाचणीचे मानकही साधारण हीच मर्यादा धरते. म्हणून ४० व्होल्टचा शॉट्की डायोड, ‘कमी व्होल्टेज खातो, म्हणजे चांगला’ असे समजून, इथे वापरू नये. १एन४१४८ हा काचेचा बारका डायोड कागदावर चालेल असे वाटते, पण इंजिनाशेजारच्या उष्णतेत आणि कंपनांत त्याचे नाजूक पाय मला भरवशाचे वाटत नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपली कॉइल मूळ अप्परच्या वायरवर आहे, म्हणजे ती हेडलाइटच्या फिलामेंटला समांतर आहे. अप्पर बंद केल्यावर कॉइलच्या प्रवाहाला त्या फिलामेंटमधूनच परतीची वाट मिळते, आणि फिलामेंटचा रोध काही ओहमच असल्यामुळे उसळी जवळजवळ उठतच नाही. डायोड काढल्यावर आपले सगळे नीट चालले, त्यात आश्चर्य नाही. तरीही डायोड लावावा असेच मी म्हणेन, कारण उद्या बल्ब उडेल, हेडलाइटचा फ्यूज जाईल किंवा फिलामेंटच्या जागी एलईडी येईल, आणि तेव्हा ही फुकटची वाट बंद झालेली असेल.

डायोडचा एक तोटाही आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. डायोडमुळे कॉइलमधला प्रवाह सावकाश विरतो, त्यामुळे रिले सुटायला कित्येक पट अधिक वेळ लागतो. हा वेळ मिलिसेकंदांतच असला तरी संपर्क झटक्याने उघडण्याऐवजी रेंगाळत उघडतात, आणि डीसी भार तोडताना तेवढ्या वेळात ठिणगी अधिक टिकते. दिव्यांसाठी याची चिंता नको. रेडिएटरच्या पंख्यासारखा मोटरचा भार वारंवार तोडायचा असेल, तर डायोडशी एकसरीत २४ ते ३६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाहू लागणारा डायोड) उलट दिशेने जोडतात, म्हणजे उसळी तेवढ्यावर थांबते आणि प्रवाह चटकन विरतो. काही रिलेंमध्ये डायोडऐवजी कॉइलवर सुमारे ६८० ओहमचा रोध आतच बसवलेला असतो. त्याने उसळी शंभरेक व्होल्टच्या आसपास आटोक्यात राहते, रिले लवकर सुटतो आणि दिशा चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. नव्याने खरेदी करणाऱ्याला मी हाच रिले सुचवतो. आपला चालू रिले टाकण्याचे मात्र कारण नाही.

आता दुसरे दुखणे. आपण अप्परची वायर आणि वेगळ्या स्विचची वायर दोन्ही ८६ वर एकत्र जोडल्या आहेत. वायरला दिशा कळत नाही. वेगळा स्विच दाबल्यावर त्यातून आलेली वीज कॉइलला तर मिळतेच, पण तिथून अप्परच्या वायरने उलटी चालत मूळ हेडलाइटच्या फिलामेंटपर्यंतही जाते. कॉइलला लागणाऱ्या १५० मिलिअँपिअरसाठी घेतलेल्या छोट्या स्विचमधून त्यामुळे दोन हेडलाइटचे आठ-नऊ अँपिअर वाहू लागतात. तो गरम झाला नसता तरच नवल.

यावर उपाय म्हणजे वाटेतले दोन डायोड. अप्परच्या वायरीत एक, वेगळ्या स्विचच्या वायरीत एक, दोघांचे पट्टे ८६ कडे. पट्ट्यांच्या बाजू एकत्र करून ८६ वर न्याव्यात. आता कोणत्याही बाजूने वीज आली तरी ती कॉइलपर्यंत जाते, पण दुसऱ्या बाजूला शिरू शकत नाही. इथेही १एन४००७ चालतो, कारण वाहायचे ते कॉइलपुरतेच. कॉइलवरच्या आडव्या डायोडचा पट्टाही ८६ कडेच असल्यामुळे तिन्ही पट्टे एका बिंदूवर येतात, आणि ही जोडणी बरोबर असल्याची डोळ्यांनी पटणारी खूण तीच.

वाटेतला डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे कॉइलला १२ ऐवजी ११.३ व्होल्ट मिळतात. १२ व्होल्टचा रिले थंड असताना साधारण ७ - ८ व्होल्टला ओढतो, म्हणून हे चालते. तरीही एक लक्षात ठेवावे की तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवरची कॉइल १०० अंशांवर गेली की तिचा रोध तीस टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो आणि ओढायला लागणारे व्होल्टेजही तितकेच चढते. इंजिनाच्या शेजारी, एक्झॉस्टजवळ रिले बसवून वर लांब बारीक वायर आणि डायोड असे सगळे एकत्र केले, तर सकाळी चालणारा रिले दुपारी रुसतो.

हाच डायोड दिव्यांच्या मुख्य वायरीत कधीही घालू नये. आठ-नऊ अँपिअरला मोठा डायोडही जवळपास एक व्होल्ट खातो, म्हणजे तो स्वतः आठ-नऊ वॉट उष्णता ओततो आणि दिव्याचा प्रकाशही कमी करतो. हॅलोजन दिव्याला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाले तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. मुख्य प्रवाहाची वाट वेगळी करायची असेल तर त्याला दुसरा रिले द्यावा. एका जुन्या गाडीत इग्निशनच्या रिलेच्या ८७ वरूनच कोणीतरी रेडिएटरचा पंखाही जोडला होता. चावी बंद केली तरी इंजिन काही क्षण खुडखुडत राही, कारण फिरता पंखा जनित्र बनून त्याच ८७ वर वीज ढकलत होता आणि इग्निशन कॉइलला ती पुरत होती. मालकाने आधी जाड डायोड घालून पाहिला होता. तो ज्या प्लॅस्टिकला बांधला होता ते वितळले होते. पंख्याला स्वतंत्र रिले दिल्यावर ते थांबले.

जोडणीला हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीत अप्पर कोणत्या बाजूने चालू-बंद होतो हे मीटरने पाहून घ्यावे. काही गाड्यांत बल्बला धन कायम असते आणि स्विच ऋण बाजू जोडतो. अशा गाडीत ८६ ला फ्यूजमधून धन द्यावे लागते आणि ८५ कडून स्विचने अर्थ खेचावा लागतो. वाटेतले डायोड मग ८५ च्या बाजूला येतात, त्यांचे पट्टे स्विचांकडे वळतात, आणि वेगळा स्विचही अर्थ देणाराच लागतो. कॉइलवरचा डायोड मात्र तसाच, पट्टा धनाकडे. अलीकडच्या अनेक गाड्यांत दिव्यांना सलग वीज न देता कंट्रोल मॉड्यूल ती सेकंदाला शंभरएक वेळा चालू-बंद करून देते. त्या वायरीवर रिले जोडला तर तो मधमाशीसारखा गुणगुणतो आणि संपर्क जाळून घेतो. तिथे डायोडांचे प्रयोग करत बसण्यापेक्षा सलग वीज असलेली दुसरी वायर शोधावी.

मुख्य वायरीबद्दल थोडक्यात. दोन दिव्यांचे ११० वॉट म्हणजे सुमारे ९ अँपिअर. त्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज घ्यावा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच असावा, कारण फ्यूज वाचवतो तो वायरला, आणि फ्यूजच्या आधीची वायर बंपरवर घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा दर मीटरला रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. ३ मीटर वायरीत ९ अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच जातो, २.५ ची वायर असेल तर ०.२ व्होल्टहून कमी. वेगळ्या स्विचच्या पुरवठ्याला २ - ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्यावा. थंड फिलामेंट लागताना नेहमीच्या दहापट प्रवाह खेचते, म्हणून ९ अँपिअरसाठी ३० - ४० अँपिअरचा रिले घेणे ही उधळपट्टी नाही. हलक्या रिलेचे संपर्क त्या पहिल्या झटक्यात चिकटतात आणि मग दिवे विझतच नाहीत. अर्थ घेताना बॉडीचा रंग चकाकणाऱ्या पत्र्यापर्यंत खरवडावा, लग (वायरीच्या टोकाची भोकाची चकती) घट्ट आवळून वर थोडे ग्रीस लावावे. रिले पाय खाली करून बसवावा, आणि वायरी आधी खाली झुकून मग वर वळतील अशा ठेवाव्यात, म्हणजे पाणी थेंब होऊन खाली गळेल, बेसमध्ये शिरणार नाही.

कामाला सुरुवात बॅटरीचे ऋण टोक काढून करावी आणि पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू नये. जोडणी झाल्यावर प्रथम जादा दिव्यांचे प्लग काढून ठेवावेत, ऋण टोक परत जोडावे आणि ८७ वर टेस्ट लॅम्प धरून अप्पर द्यावा, मग वेगळा स्विच दाबावा. दोन्ही वेळा ‘टक’ आवाज यावा, लॅम्प लागावा, आणि स्विचच्या वेळी मूळ अप्पर व त्याचा निळा निर्देशक बंदच राहावा. मग प्लग जोडून दिवे लावावेत आणि मीटरची एक सुई ३० वर, दुसरी ८७ वर ठेवावी. दिवे चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर संपर्क आणि टर्मिनल ठीक आहेत. ०.३ च्या पुढे गेला तर बेसमधले ब्लेड टर्मिनल सैल आहे. दहा मिनिटांनी ते बोटाला चटका देईल. ते काढून पुन्हा क्रिंप करावे.